फोन बदलावा की बॅटरी?

स्मार्टफोन किती वर्षे टिकेल हे त्याच्या मॉडेलइतकेच तो कुठल्या उन्हात वापरला जातो यावरही ठरते. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ॲपल आपला आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा असे सांगते, म्हणजे वऱ्हाडातली उन्हाळ्याची दुपार त्या हिशेबात बसतच नाही. तापल्यावर लिथियम-आयन बॅटरी लवकर झिजते आणि झिजलेली क्षमता हिवाळा आला तरी परत येत नाही. दुचाकीच्या हँडलला नकाशासाठी लावलेला फोन बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाताना स्क्रीन अंधूक करतो किंवा चार्जिंग थांबवतो. हा बिघाड नाही, फोन स्वतःला वाचवत असतो. त्याला कव्हर काढून सावलीत ठेवावे. लवकर गार व्हावा म्हणून फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, आत दव धरते.

‘चार्जिंग टिकत नाही’ ही सर्वांत नेहमीची तक्रार. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येईल, अशा बेताने बनवलेली असते. रोज एकदा पूर्ण चार्ज खर्च झाला, तर दीड वर्षात ही वेळ येते. बाकी फोन धड असेल तर नुसती बॅटरी बदलणे पुरते, आणि नव्या हँडसेटच्या मानाने ते फारच स्वस्त पडते. मागचे झाकण उचलले गेले असेल तर बॅटरी फुगलेली आहे. असा फोन त्याच दिवशी बंद करून दुरुस्तीला न्यावा, दाबून बसवण्याच्या भानगडीत पडू नये.

फोन हँग होतो तेव्हा बहुधा स्टोरेज काठोकाठ भरलेले असते. त्यात गावकी-भावकीच्या ग्रुपवरून रोज येणाऱ्या सुप्रभाताच्या चित्रांचा वाटा चांगलाच मोठा असतो. ती पुसून पाहण्याआधी दुकान गाठण्यात अर्थ नाही.

फोन खरोखर कालबाह्य होतो तो सुरक्षा अपडेट थांबल्यावर. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले आहे. स्वस्त फोनना याहून बरीच कमी वर्षे मिळतात. ज्या फोनवर यूपीआय आणि बँकेचे व्यवहार चालतात, त्याच्यासाठी कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा हा आकडा महत्त्वाचा.

शेतकऱ्याच्या गरजा आणखी वेगळ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी मोबाइलवरून होते. कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या वावरात उभे राहून फोटो काढायचा आणि फोनच्या जीपीएसवरून ठिकाण नोंदवायचे. लोकेशन भरकटले तर ॲप शेतकऱ्याला त्याच्याच शेताबाहेर उभे करते! त्यामुळे येथे जीपीएस अचूक हवे, स्क्रीन भर उन्हात वाचता यावी आणि बॅटरी दिवसभर पुरावी. रेंज नसेल तर माहिती फोनमध्ये साठवून नंतर पाठवता येते.

फाइव्ह-जीची सेवा देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, पण नुसत्या फाइव्ह-जी फोनने रेंज येत नाही. धारणी-चिखलदऱ्याच्या दुर्गम गावात आधी कुठल्या कंपनीचा टॉवर पोहोचतो ते पाहावे. फोर-जी फोन चालूच राहतात. मात्र जिओचे टू-जी आणि थ्री-जी जाळे नाही, त्यामुळे त्यांच्या सिमसाठी निदान फोर-जी हँडसेट लागतो.

जुना फोन विकत घेताना *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा. इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’ लिहून, एक जागा सोडून हा पंधरा अंकी क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवला की तो फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का ते कळते. बिल आणि खोके नसेल तर स्वस्ताईला भुलू नये. स्वतःचा फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन ‘संचार साथी’ पोर्टलवरून तो ब्लॉक करता येतो.

एक्सचेंजमध्ये फोन देण्याआधी व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्यावा, गुगल खाते काढावे आणि मगच फॅक्टरी रीसेट करावे. खाते न काढता रिकव्हरी मेनूतून रीसेट केले तर पुढच्या माणसाला जुना पासवर्ड विचारला जातो आणि फोन पुन्हा मूळ मालकाच्या दारात येतो. सिम आणि मेमरी कार्ड खाचेतून काढायचे राहते, तेही तपासून घ्यावे.