ब्रेकमध्ये विरणारं पेट्रोल

पेट्रोल लिटरमागे शंभराच्या पुढे गेल्यापासून गाडीचं ॲव्हरेज हा घरोघरी तक्रारीचा विषय झाला आहे. तक्रारीचा रोख बहुधा पंपावर असतो, नाहीतर कंपनीवर. पुण्याच्या एआरएआय या संस्थेनं प्रमाणित केलेला आकडा रस्त्यावर क्वचितच हाती लागतो, हे खरं. पण ती चाचणी प्रयोगशाळेत, चाकं रोलरवर फिरवून आणि आधी आखून दिलेल्या वेगांनी होते. तिथे आडवी रिक्षा येत नाही. शहरात फिरणाऱ्याला या तफावतीचं उत्तर शोधायचं असेल तर आधी ब्रेककडे बघायला हवं. माणसांसकट हजारेक किलो वजनाची छोटी गाडी ताशी ६० किलोमीटरचा वेग घेते, तेव्हा तिच्यात सुमारे १४० किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. ब्रेक मारला की ती सगळी डिस्क आणि ड्रम तापवण्यात जाते. एका लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असली, तरी शहराच्या रहदारीत तिचा जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असं धरू. म्हणजे ६० वरून शून्यावर येताना वीसेक मिलिलिटर पेट्रोल, साधारण दोन रुपये, गेले. हाच वेग ४० असता तर नुकसान निम्म्याहूनही कमी झालं असतं, कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हायब्रिड गाड्या गर्दीतही चांगलं ॲव्हरेज देतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच: ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा त्या काही अंशी बॅटरीत परत घेतात. साध्या गाडीला ही सोय नाही. तिच्या चालकानं पुढचा लाल दिवा दुरून पाहून ॲक्सिलरेटरवरचा पाय वेळेत काढणं, एवढाच उपाय उरतो.

पाय काढायचा, पण गाडी गिअरमध्येच ठेवून. घाट उतरताना न्यूट्रल टाकण्याची सवय आपल्याकडे कार्ब्युरेटरच्या जमान्यापासून मुरलेली आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मात्र ती उलटी पडते. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि संगणक इंधनाचा पुरवठा जवळजवळ पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहावं म्हणून त्याला पेट्रोल पाजत राहावं लागतं. शिवाय इंजिन ब्रेकिंग गेल्यामुळे खंडाळ्याच्या उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात. इंजिनच बंद करून उतरणारे महाभाग तर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत, दोन्हींवर पाणी सोडतात.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की पुढे अंतर सोडलं तर त्यात कुणीतरी घुसतंच. घुसतं, हे मान्य. पण घुसणाऱ्यामुळे आपण एका गाडीनं मागे पडतो. त्याला अडवायला बंपरला बंपर चिकटवून चालवलं, तर पुढच्याच्या प्रत्येक ब्रेकबरोबर आपलाही ब्रेक लागतो. दुसरा आक्षेप वेळेचा. शहरात तो फारसा टिकत नाही, कारण जोरात रेस करून पुढे काढलेली गाडी बहुतेकदा पुढच्याच सिग्नलला उभी दिसते. महामार्गावर मात्र त्यात तथ्य आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९५ किलोमीटरचा. घाट बाजूला ठेवून सरळ हिशेब केला, तर सरासरी १०० ऐवजी ८० नं गेल्यास चौदा-पंधरा मिनिटं जास्त लागतात. त्या बदल्यात काय मिळतं? १०० च्या वेगाला हवेचा विरोध ८० च्या दीडपटीहून अधिक असतो, तो वाचतो. विमान गाठायचं असेल तर हा सौदा परवडणार नाही, रविवारी लोणावळ्याला जाताना परवडेल. तिसरा आक्षेप, एवढ्याशा बचतीनं काय होणार? रोज ४० च्या वेगावरचे दहा अनावश्यक ब्रेक टळले तर दहाएक रुपये, महिन्याला अडीचशे-तीनशे. कुणी श्रीमंत होणार नाही, पण त्यासाठी खर्चही शून्य आहे, आणि ब्रेक पॅड जास्त टिकतात ते वेगळंच.

बाकीच्या गोष्टी यापुढे किरकोळ. टायरमधली हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याइतकी, टायर थंड असताना भरावी. सिग्नलला अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करावं. एसी गर्दीत पेट्रोल खातो हे खरं, पण मे महिन्यात नागपुरात काचा उघडून चालवा असं सांगणं हा सल्ला नव्हे, शिक्षा आहे. आणि २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाबद्दलची कुरबूर? तिच्यात दम आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, या मिश्रणासाठी न बनवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांपर्यंत घटेल असा अंदाज दिला होता. पंपावरची ही घट चालकाच्या हातात नाही, ब्रेकमधली आहे.