मेणफुलांची वेल

तापीकाठच्या या बऱ्हाणपुरात उन्हाळ्याच्या झळा सुरू झाल्या, की अंगणातील कुंड्या पाहता पाहता करपतात. अशा दिवसांत घराच्या आत, खिडकीशी हिरवीगार राहून सायंकाळी सुगंध देणारी एक वेल आहे. तिचे शास्त्रीय नाव होया. पाने जाड व तकतकीत, फुले जणू मेणाची घडविलेली. म्हणून आमच्या घरी तिला मेणफुलांची वेल म्हणतात. इंग्लंडातील सायन हाऊसच्या बागेचे मुख्य माळी टॉमस हॉय यांच्या सन्मानार्थ रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० साली हे नाव दिले. एका माळ्याचे नाव शास्त्रात असे कायम व्हावे, ही गोष्ट आम्हांस फार आवडते.

ही वेल रुईच्या गोत्रातील. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. घरोघरी दिसणारी जात चीन-जपानकडची असली, तरी तिच्या काही बहिणी आपल्या सह्याद्रीच्या रानांत झाडांच्या खोडांवर वाढतात. बांडगुळाप्रमाणे त्या झाडाचा रस शोषीत नाहीत, केवळ आधार घेतात. खोडाच्या सालीवर पाणी साचून राहत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे तिच्या निगेचे मर्म कळते. कापसाला व केळीला मानवणारी आपली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि तीत हिची मुळे कुजतात. जाड वाळू, कुजलेला पालापाचोळा व नारळाच्या सोडणाचे तुकडे यांचे मिश्रण तिला मानवते. (कोकणी माणसाच्या घरी सोडणाला तोटा नसतो!) कुंडी लहानच असावी, मुळे दाटली म्हणजे ती अधिक फुलते. वरची माती कोरडी झाल्यावाचून पाणी घालू नये, हिवाळ्यात तर त्याहूनही कमी. सकाळचे कोवळे ऊन तिला चालते, दुपारचे पाने भाजते.

आता आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. आईने गावाहून दोन पेरांची फांदी पाठविली होती. तिसऱ्या वर्षी ती फुलली. फुले गळाल्यावर मागे राहिलेले बोटभर देठ आम्हांस निरुपयोगी वाटले, आणि नीटनेटकेपणाच्या हौसेने ते आम्ही कात्रीने छाटून टाकले. पुढच्या वर्षी फुले पाहावयास आई मुद्दाम आली, तो वेलीवर नुसती पाने! तिने कोंकणीत एवढेच विचारले, की जुने देठ तरी ठेवले होते ना? आम्ही गप्प राहिलो.

कारण असे, की या वेलीच्या त्याच देठावर दर वर्षी नवा गुच्छ येतो आणि देठ किंचित लांबत जातो. तो कापला म्हणजे पुढील कित्येक वर्षांची फुले कापली. पानांवाचून लांबच लांब वाढणारे शेंडेही असेच. लोक ते वाळले समजून तोडतात, परंतु त्यांवर पाने मागाहून येतात.

दोन वर्षांनी नवे देठ आले व वेल पुन्हा फुलली. आता गुच्छ गळाला, की त्या देठाला आम्ही तांबड्या दोऱ्याची खूण बांधतो. घरातील मुलांनाही तो दोरा कशासाठी आहे, ते ठाऊक आहे.