विधिवस्तू आणि रचनाकाराचे स्वातंत्र्य : लुडविग वोल्पर्ट, सिओना बेंजामिन आणि मराठी ज्यू परंपरा

प्रस्तावना

आपल्या देव्हाऱ्यातील समई, ताम्हन, पळी-पंचपात्र या वस्तू कोणी घडविल्या, असा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. त्या परंपरेने आल्या, एवढे उत्तर आपल्याला पुरते. परंतु परंपरेने आलेली प्रत्येक वस्तू कधीतरी कोणीतरी प्रथम घडविलेली असते, आणि ती घडविताना त्या कारागिराने काही निर्णय घेतलेले असतात. धर्माने सांगितले तेवढे पाळायचे, हे खरे. पण धर्माने जे सांगितलेच नाही, तेथे काय करायचे? विधिवस्तूंच्या आधुनिक रचनेचा विचार या प्रश्नापासून सुरू होतो.

प्रस्तुत लेखात ज्यू धर्मातील विधिवस्तूंच्या संदर्भात हा प्रश्न तपासला आहे. ज्यू परंपरा निवडण्याचे कारण असे की, तिच्यात नियम आणि मोकळीक यांची सीमारेषा विशेष स्पष्ट आहे. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजामुळे ही परंपरा मराठी भाषेत आणि मराठी घरात शतकानुशतके नांदली आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर ही गावांवरून पडलेली आडनावेच त्याची साक्ष देतात.

नियम कोठे संपतो?

ज्यू धर्मशास्त्र अत्यंत काटेकोर मानले जाते, आणि ते तसे आहेही. ‘तोरा’ या पवित्र ग्रंथाची गुंडाळी चर्मपत्रावर हातानेच लिहावी लागते. तिच्यात 3,04,805 अक्षरे असतात, असे परंपरा सांगते. त्यांतील एखादे अक्षर गळले वा बिघडले, तर दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी सार्वजनिक पठणासाठी चालत नाही. दाराच्या चौकटीवर लावण्याच्या ‘मेझुझा’तील चर्मपत्रावर कोणते उतारे लिहायचे, हेही ठरलेले आहे. हनुक्का सणाच्या दीपदानात आठ दिवे आणि ते पेटविण्यासाठी एक सेवक-दिवा असावा लागतो. जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातील सात शाखांच्या दीपवृक्षाची हुबेहूब प्रतिकृती मात्र करू नये, असा निर्बंध आहे.

येथपर्यंत नियम आहेत. परंतु मेझुझाचे चर्मपत्र ज्या नळीत ठेवायचे, ती लाकडाची असावी की चांदीची, साधी असावी की नक्षीदार, यावर शास्त्राचा आग्रह नाही. शब्बाथची सांगता करताना ज्या डबीतील सुगंधी मसाल्याचा वास घेतात, तिलाही ठरलेला आकार नाही. युरोपात ती डबी मनोऱ्याच्या आकाराची झाली, कारण तेथील सोनारांच्या डोळ्यांसमोर नगरांचे मनोरे होते. तोराची गुंडाळी मध्य व पूर्व युरोपातील ज्यूंनी कापडी आवरणात ठेवली, तर बगदादी परंपरेच्या ज्यूंनी ती लाकडी किंवा चांदीच्या उभ्या पेटीत ठेवली.

या मोकळ्या जागेला शास्त्राचाच आधार आहे. ‘हिद्दुर मित्स्वा’, म्हणजे धर्मकर्तव्य सुंदर रीतीने पार पाडणे, ही संकल्पना तालमुदमध्ये आढळते. कर्तव्याच्या सौंदर्यासाठी मूळ खर्चाच्या एकतृतीयांशापर्यंत अधिक खर्च करावा, असेही तेथे सांगितले आहे. सौंदर्य म्हणजे धर्माला जोडलेली चैन नव्हे. ते धर्माचरणाचा भाग आहे आणि त्यालाही मर्यादा आहे, असा याचा अर्थ होतो. रचनाकाराचे स्वातंत्र्य या मर्यादेच्या आत असते.

पुण्यातील एक पान

या स्वातंत्र्याचे एक ठळक उदाहरण आपल्या पुण्यात सापडते. इजिप्तमधील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ ‘पेसाह’ हा सण साजरा केला जातो. मराठी बायबलने त्याला ‘वल्हांडण’ म्हटले आहे. त्या रात्री घरातील सर्वांनी मिळून वाचण्याचे पुस्तक म्हणजे ‘हग्गादा’. मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत 1846 साली प्रसिद्ध झाली होती. पुढे 1874 साली पुण्यात मोझेस जेकब तळकर व एरन डॅनियल तळकर यांनी हिब्रू संहिता व मराठी भाषांतर असलेली सचित्र हग्गादा काढली. ती विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापली गेली. ज्यू विधीचे पुस्तक अग्निहोत्री आडनावाच्या छापखान्यातून बाहेर पडावे, ही गोष्ट त्या काळच्या पुण्याविषयी बरेच काही सांगून जाते.

या पुस्तकातील चित्रांमागे युरोपीय छापील हग्गादांचा साचा आहे. तथापि सणाची बेखमीर भाकरी तयार करण्याच्या चित्रात स्त्रिया साडी नेसून, जमिनीवर बसून काम करताना दिसतात. संहितेतील एकही शब्द बदललेला नाही. विधीचा क्रमही बदललेला नाही. बदलला आहे तो केवळ स्त्रियांचा वेश आणि बसण्याची रीत. पण तेवढ्याने ते पुस्तक परक्या देशातील लोकांचे न राहता, ज्यांच्या हातात पडणार होते त्यांचे झाले. धर्माने मोकळ्या सोडलेल्या जागेत स्थानिक जीवन कसे शिरते, हे या पानावरून समजते.

लुडविग वोल्पर्ट : अक्षर हेच अलंकरण

विसाव्या शतकात हीच मोकळी जागा एका रचनाकाराने पूर्ण जाणीवपूर्वक वापरली. लुडविग वोल्पर्ट यांचा जन्म 1900 साली जर्मनीतील हिल्डेसहाइम येथे झाला. फ्रँकफर्टच्या कलाशाळेत त्यांनी आधी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. नंतर 1920 च्या दशकात ते धातुकामाकडे वळले. तेथे त्यांना ख्रिश्चन डेल यांचे मार्गदर्शन लाभले. डेल हे पूर्वी बाउहाउस या प्रसिद्ध संस्थेच्या धातुकाम कार्यशाळेत होते. वस्तूचा आकार तिच्या उपयोगातून यावा, वरून चिकटविलेली नक्षी नको, हा तेथील विचार वोल्पर्ट यांनी आत्मसात केला.

1930 साली त्यांनी चांदी, एबनीचे काळे लाकूड आणि काच यांतून पेसाहच्या भोजनविधीचा संच घडविला. या विधीत तीन बेखमीर भाकऱ्या एकावर एक ठेवाव्या लागतात, आणि इतर प्रतीकात्मक पदार्थ स्वतंत्र मांडावे लागतात. वोल्पर्ट यांनी या गरजेलाच आकार दिला. भाकऱ्यांसाठी थर आणि त्यांवर पदार्थांची लहान काचपात्रे, अशी ती मांडणी होती. वेलबुट्टी नाही, सिंह नाहीत, मुकुट नाहीत. विधी काय मागतो, एवढेच त्या वस्तूत दिसते.

नाझी सत्तेवर आल्यानंतर 1933 साली ते पॅलेस्टाइनमध्ये गेले आणि पुढे जेरुसलेमच्या नव्या बेझालेल कलाशाळेत शिकवू लागले. 1956 साली न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये ‘टोबे पाशर’ कार्यशाळा सुरू झाली आणि तिची धुरा त्यांच्याकडे आली. 1981 साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचे ओळखचिन्ह म्हणजे धातूतून कापून काढलेली हिब्रू अक्षरे. ही अक्षरे वस्तूवर कोरलेली नसतात. कित्येकदा वस्तूची भिंतच त्या अक्षरांची बनलेली असते. मूर्तिपूजा वर्ज्य मानणाऱ्या आणि ग्रंथाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या धर्मात अक्षर हेच सर्वांत प्रामाणिक अलंकरण ठरते, हे त्यांनी ओळखले होते. आधुनिकतेसाठी त्यांना परंपरेबाहेर जावे लागले नाही.

त्यांचे विद्यार्थी मोशे झबारी 1961 साली याच कार्यशाळेत आले. झबारी यांनी 1969 साली केलेला चांदी व मोत्यांचा तोरा-मुकुट हे या परंपरेचे पुढचे पाऊल होय. गुरूची काटेकोर भूमिती शिष्याच्या हाती लवचीक झाली. एका कार्यशाळेतून एकच शैली निपजावी असे नाही, हे यावरून ध्यानात येते.

सिओना बेंजामिन : मुंबईची स्मृती

आता पुन्हा महाराष्ट्राकडे वळू. सिओना बेंजामिन यांचा जन्म 1960 साली मुंबईतील बेने इस्राएल कुटुंबात झाला. कॅथलिक व पारशी शाळांत शिक्षण, सभोवती हिंदू व मुस्लिम शेजार, अशा वातावरणात त्या वाढल्या. सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकल्यानंतर त्या 1986 साली अमेरिकेत गेल्या. तेथे त्यांनी चित्रकला आणि रंगभूमीचे नेपथ्य या दोन्ही विषयांत उच्च शिक्षण घेतले.

बेंजामिन चित्रकार आहेत. वोल्पर्ट यांच्याप्रमाणे धातूची पात्रे घडविणाऱ्या नव्हेत. तरीही प्रस्तुत विषयात त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. बालपणीच्या स्मृती सांगताना त्या प्रार्थनालयातील तेलाचे दिवे, मखमल व चांदीच्या आवरणातील तोरा आणि प्रेषित एलियाहूसाठी राखलेली खुर्ची यांचा उल्लेख करतात. म्हणजे त्यांच्या कल्पनाशक्तीचा पाया विधिवस्तूंनी घातला आहे. ‘टिकून हा-ओलाम’ (विश्वाची दुरुस्ती) या 2000 सालच्या चित्रात निळ्या वर्णाच्या स्त्रीचे अनेक हात दीपवृक्षाच्या शाखांसारखे पसरलेले आहेत. ज्यू प्रेक्षकाला त्यात मेनोरा दिसेल, मराठी प्रेक्षकाला अष्टभुजा देवी आठवेल. निळा रंग कृष्णाचा आणि कालीचाही आहे. आकाश व समुद्र यांचा हा रंग कोणत्याही एका देशाचा नाही, म्हणूनच दोन घरांमध्ये उभ्या असलेल्या व्यक्तीसाठी तो योग्य ठरतो. लघुचित्रशैली, सोन्याचा वर्ख आणि चित्रकथांची मांडणी यांचा मेळ त्यांच्या कामात आढळतो.

2010-11 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या भारतात परतल्या आणि येथील ज्यू व्यक्तींच्या चेहऱ्यांवर आधारित चित्रमालिका त्यांनी केली. पुण्याच्या हग्गादेत अनामिक चित्रकाराने साडी आणली होती; बेंजामिन यांनी ती साडी नेसणाऱ्या माणसांनाच चित्राच्या केंद्रस्थानी आणले.

निष्कर्ष

या विवेचनातून एक गोष्ट पुढे येते. विधिवस्तू जुनी दिसते म्हणून जिवंत राहत नाही. ती वापरणाऱ्याच्या आजच्या जीवनाला ओळखते म्हणून जिवंत राहते. ही केवळ सौंदर्यशास्त्राची बाब नाही. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 साली उभारलेले आणि ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाणारे प्रार्थनालय आजही आहे. परंतु 1948 नंतरच्या स्थलांतराने भारतातील ज्यू समाज काही हजारांवर आला. 2016 साली महाराष्ट्र शासनाने त्याला अल्पसंख्याक दर्जा दिला. जेथे विधीला माणसेच कमी उरतात, तेथे वस्तू हळूहळू घरातून संग्रहालयात जातात. संग्रहालय वस्तू सांभाळते. तिचा उपयोग सांभाळणे मात्र त्याच्या हाती नसते. वोल्पर्ट यांची कार्यशाळा संग्रहालयाच्या आतच होती आणि तरी ती वापरासाठी नव्या वस्तू घडवीत होती, हे म्हणूनच विशेष मोलाचे वाटते.

आपल्या छत्रपती संभाजीनगरातील हिमरू आणि शेजारच्या पैठणची पैठणी यांबाबतही हाच प्रश्न उभा आहे. जुन्या नक्षीची नक्कल पर्यटकाला विकली जाईल; पण ती कोण पांघरणार, कोण नेसणार? परंपरेत कोणती गोष्ट बदलता येत नाही आणि कोणती जागा मोकळी आहे, हे विद्यार्थ्यांना ओळखायला शिकविणे हे कला व मानव्यविद्येच्या अध्यापकांचे काम आहे. तळकरांनी ती जागा 1874 साली ओळखली होती. त्यासाठी त्यांना मूळ संहितेतील एक अक्षरही बदलावे लागले नाही.