कामाचा क्रम एकाने ठरवावा, माप कारागिरांनी

सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करणारी आपली मुले घरी 'स्क्रम', 'स्प्रिंट' असे शब्द बोलतात. वडील मंडळींना ही काँप्युटरची भानगड वाटते. परंतु तिचे मूळ कारखान्यात आहे. होंडाची मोटार, कॅननचा कॅमेरा कसा घडला, यावर ताकेउची व नोनाका या जपानी प्राध्यापकांनी 1986 साली लेख लिहिला. रग्बीच्या खेळातील 'स्क्रम' हा शब्द त्यातूनच उचलून जेफ सदरलँड व केन श्वेबर यांनी 1995 साली ही पद्धत मांडली.

गट साधारण दहाजणांपर्यंतचा. ग्राहकांच्या वतीने बोलणारा 'प्रॉडक्ट ओनर' हा एकच माणूस कोणते काम आधी ते ठरवतो. 'स्क्रम मास्टर' म्हणजे मुकादम नव्हे. अडथळे दूर करणे हे त्याचे काम. मुदत फार तर एक महिना. रोज 15 मिनिटे मशवरा, मुदतीअखेर तयार माल दाखवून चुकांची चर्चा.

खरी गोम पुढे आहे. मुदतीत किती काम पेलेल, हे कारागीर स्वतः सांगतात! आपल्याकडे ईदच्या तोंडावर एका गिऱ्हाइकाला वडील शब्द देतात, दुसऱ्याला मुलगा, आणि रात्री जागतो तो शिलाईवाला. या पद्धतीत मध्येच काम वाढले, तर कारागिरांशी बोलून दुसरे बाजूला ठेवावे लागते. मालकांना हे जड जाईल. खर्च मात्र काहीच नाही, भिंतीवरचा फळा पुरतो. ईदनंतरच्या मंदीत एखाद्याच ऑर्डरीवर ही पद्धत करून पाहावी.