उभ्या मोटारीतील बालक

बैलगाडीत मूल निजवून ठेवण्याची रीत महाराष्ट्रातील खेड्यांत फार जुनी आहे. बाजाराच्या दिवशी गाडी झाडाखाली सोडावी, बैलांपुढे वैरण टाकावी, गाडीतल्या गोणपाटावर मूल निजवावे आणि आईबापांनी हाकेच्या अंतरावर आपला सौदा उरकावा, यात कोणासही वावगे वाटत नसे. ही रीत सर्वस्वी निर्धोक होती असे नव्हे. बैल बुजण्याचे भय तेव्हाही होतेच. तथापि ती गाडी चारही बाजूंनी उघडी असे. वारा खेळत असे, मूल रडले तर शेजारच्या गाडीवानास ऐकू जात असे आणि ऊन अंगावर आले तर कोणीतरी गाडीवर धोतर पसरीत असे.

आज त्याच बाजाराच्या मैदानात मोटारी, जीपा आणि टेम्पो उभे असतात. वाहन बदलले, सवय मात्र बैलगाडीचीच राहिली. खताच्या दुकानात, बँकेत किंवा बाजार समितीच्या आवारात दोन मिनिटांचे काम असते. मूल मागच्या आसनावर झोपलेले असते. त्याची झोप कशाला मोडा, अशा मायेपोटीच त्यास तेथे ठेवून काचा वर केल्या जातात. दोन मिनिटांची वीस मिनिटे केव्हा होतात हे रांगेत उभ्या असलेल्या माणसास उमगत नाही. ज्या वाहनात मूल ठेवले ते आता उघडी गाडी नसून काचेची बंद खोली आहे, ही गोष्ट अद्याप पुरेशी ध्यानात आलेली नाही.

बंद मोटार इतकी का तापते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. सूर्याचा प्रकाश काचेतून सहज आत येतो. आतील आसने, चालकापुढील फळी व सुकाणूचाक त्याने तापतात आणि आपली उष्णता आतील हवेस देतात. ही उष्णता मात्र काचेतून प्रकाशासारखी परत जाऊ शकत नाही आणि तापलेल्या हवेसही बाहेर पडण्यास वाट नसते. चालत्या मोटारीत थंड हवेचे यंत्र असले, तरी इंजिन बंद होताच तेही थांबते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेरचे तापमान सुमारे २२ ते ३६ अंश सेल्सिअस असलेल्या दिवसांत उन्हातील बंद मोटारीतील तापमान मोजण्यात आले. एका तासात ते सरासरी २२ अंशांनी वाढले आणि या वाढीपैकी चार-पंचमांश पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा दोन बोटे खाली ठेवून पाहिले, तरी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. बाहेर अवघे २५ अंश असताना, म्हणजे ज्या दिवसास आपण सुखाचा म्हणतो अशा दिवशीही, आतील हवा तासाभरात ४५ अंशांच्या पुढे जाऊ शकते. विदर्भात किंवा मराठवाड्यात वैशाखातील दुपारी काय होत असेल, याची कल्पना यावरून करावी.

लहान मुलाचे शरीर हा ताप प्रौढ माणसाप्रमाणे सोसू शकत नाही. त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा असतो, घाम कमी येतो आणि अंगातील पाण्याचा साठाही थोडा असतो. त्यामुळे त्याचे शरीर प्रौढापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते, असे सांगितले जाते. अंगातील उष्णता ४० अंशांवर गेली की उष्माघात होतो. ४२ अंशांच्या सुमारास प्राणावर बेतते. शिवाय तान्हे मूल दार उघडू शकत नाही आणि फार वेळ रडूही शकत नाही. ते गळून निपचित पडते व पाहणारास झोपल्यासारखे दिसते.

ही केवळ परदेशातील गोष्ट नव्हे. जून २०२३ मध्ये नागपुरात खेळावयास बाहेर पडलेली तीन बालके बेपत्ता झाली. शोधाशोध झाली आणि दुसऱ्या दिवशी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका मोटारीत मृतावस्थेत आढळली. त्यांना तेथे कोणी ठेवले नव्हते.

ही अखेरची बाब विशेष विचारात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत १९९८ सालापासून मोटारीतील उष्णतेने झालेल्या बालमृत्यूंची नोंद ठेवली जात असून ती संख्या एक हजाराच्या वर गेली आहे. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले मोटारीतच विसरली गेली होती. सुमारे एक-चतुर्थांश मुले खेळता खेळता स्वतः मोटारीत शिरली होती. समजून-उमजून ठेवलेली मुले त्यामानाने कमी होती. म्हणजे निष्काळजी आईबापांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. मायाळू व दक्ष माणसांच्या हातूनही असे घडलेले आहे. नित्याचा क्रम बदलला, मूल झोपी गेले आणि मनात दुसरेच काम घोळत असले, की स्मृती दगा देते.

आपल्याकडे विसरण्याची जागा म्हणजे लग्नकार्य. वऱ्हाड तीन-चार वाहनांतून येते. आईस वाटते, मूल आत्याजवळ आहे. आत्यास वाटते, ते आजीबरोबर मंडपात गेले. उतरताना आहेराच्या पिशव्या आणि पाण्याची पिंपे मोजली जातात, मुले मोजली जात नाहीत. यास्तव प्रत्येक वाहनातील मुलांची जबाबदारी एकाच मोठ्या माणसावर नाव घेऊन सोपवावी आणि मूल दुसऱ्याच्या हाती देताना ‘हा घ्या, आता हा तुमच्याकडे’ असे स्पष्ट बोलून द्यावे. चालकाने कुलूप लावण्यापूर्वी मागचे दार उघडून आसनाखालीही पाहावे. शाळेच्या व अंगणवाडीच्या मुलांना आणणाऱ्या वाहनांस तर हा नियमच असावा. एकट्याने मूल घेऊन जाताना ज्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नाही अशी वस्तू, उदाहरणार्थ पैशाची पिशवी किंवा एका पायातील वहाण, मागे मुलाजवळ ठेवण्याची युक्ती हास्यास्पद वाटली तरी उपयोगी आहे.

घराच्या अंगणात उभी असलेली मोटार नेहमी कुलूपबंद ठेवावी आणि चावी मुलाच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर टांगावी. गावात नादुरुस्त होऊन पडलेली जुनी वाहने असतात. लपंडाव खेळणाऱ्या मुलांना त्यांच्यासारखी दुसरी जागा नाही. मागच्या दारास ‘चाइल्ड लॉक’ लावलेले असेल तर ते दार आतून उघडत नाही, आणि आत शिरलेल्या मुलास त्याचे कारण कळत नाही. अशी वाहने हुडकून मालकाकडून त्यांची दारे बंद करवून घेणे हे ग्रामकार्यकर्त्यास एका सकाळी होण्याजोगे काम आहे. चार-पाच वर्षांच्या मुलास पुढच्या आसनावर येऊन दार उघडण्यास व भोंगा दाबत राहण्यास शिकवावे. मूल हरवल्याची हाक येताच विहिरीबरोबर आसपासच्या मोटारी आणि त्यांच्या डिकीही लगोलग पाहाव्यात. विहिरीकडे सर्व जण धावतात. मोटारीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

ट्रॅक्टर बंद नसतो, म्हणून त्यात उष्णतेचे भय नाही. परंतु मूल एकटे सोडण्याच्या दृष्टीने तोही तितकाच वाईट. गिअरमध्ये ठेवलेल्या ट्रॅक्टरची चावी मुलाने फिरवली तर तो पुढे सरकू शकतो. उचललेला नांगर किंवा रोटाव्हेटर एका दांडीच्या धक्क्याने खाली येतो. म्हणून उतरताना अवजार जमिनीवर टेकवावे, ब्रेक लावावा व चावी खिशात घालावी. ऊसतोडीच्या फडात ट्रॉलीच्या सावलीत मुले निजतात. ट्रॉली हलविण्यापूर्वी चालकाने खाली वाकून भोवताली एक फेरी घातल्यावाचून इंजिन सुरू करू नये. फडापासून दूर, झाडास झोळी बांधून तेथे एक जाणती बाई बसविणे मुकादमास अवघड नाही.

बंद मोटारीत एकटे मूल दिसले तर मालकाची वाट पाहत बसू नये. हाक द्यावी, दारे ओढून पाहावीत, एकास मालक शोधण्यास पिटाळावे. मूल निपचित, लालबुंद किंवा झटके येत असलेले दिसल्यास काच फोडावी. पुढची मोठी काच सहजासहजी फुटत नाही. मुलापासून सर्वांत दूर असलेली बाजूची काच निवडून तिच्या कोपऱ्यावर टणक वस्तूने घाव घालावा. मुलास सावलीत आणून कपडे काढावेत, अंगावर गार पाणी ओतीत राहावे व जोराने वारा घालावा. ओले फडके मान, काखा आणि जांघा येथे ठेवावे व वारंवार बदलावे. जाड कापडात गुंडाळू नये. बेशुद्ध मुलास कुशीवर निजवावे आणि त्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाचे औषध येथे उपयोगी पडत नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, ती येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये आणि मूल किती वेळ आत होते हे डॉक्टरांस सांगता यावे म्हणून सापडल्याची वेळ ध्यानात ठेवावी.