दरोड्याचा प्रयत्न आणि स्वसंरक्षणाचा हक्क

रात्रीं दाराशीं चार माणसें कोयते घेऊन आलीं, घरच्या मंडळींनीं आरडाओरडा केला, आळींतले दिवे लागले आणि तीं माणसें रिकाम्या हातांनीं अंधारांत नाहींशीं झालीं. दुसऱ्या दिवशीं समाचाराला येणारे पहिला प्रश्न विचारतात तो हा, "गेलें काय?" कांहीं गेलें नाहीं असें कळलें कीं ते सुटकेचा निःश्वास टाकून म्हणतात, "देवाची कृपा, कांहीं झालें नाहीं!" हें बोलणें मायेचें असतें यांत शंका नाहीं, परंतु तें खरें असतें काय? आणि त्या रात्रीं घरधन्यानें उगारलेली कुऱ्हाड त्या चौघांपैकीं एकाच्या वर्मीं बसून तो मेला असता, तर त्या घरधन्याला आपण काय म्हटलें असतें? श्रोतेहो, हे दोन प्रश्न वरवर पाहतां निराळे दिसतात. माझ्या मतें ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिल्याचें उत्तर नीट सांपडल्यावांचून दुसऱ्याचें सांपडत नाहीं.

प्रथम साधी चोरी व जबरी चोरी यांतला भेद पाहूं. बाजारच्या गर्दींत खिसा कापणारा पैसे नेतो; धन्याला घरीं पोहोंचेपर्यंत पत्ताही नसतो. तेथें अपराध घडतो तो वस्तूपुरता. जबरी चोर मात्र वस्तूपर्यंत पोहोंचण्याची वाट माणसाच्या भीतींतून काढतो. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेनें जबरी चोरीची व्याख्या केली ती याच गोष्टीवर बोट ठेवून. मरणाचें, दुखापतीचें किंवा अडकवून ठेवण्याचें तात्काळ भय घालून केलेली चोरी ती जबरी चोरी. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली, कलमांचे आंकडे बदलले. पण ही व्याख्या तशीच राहिली आहे.

दरोड्याची व्याख्या तर याहून बोलकी आहे. पांच अगर अधिक माणसें मिळून जबरी चोरी करतील किंवा करण्याचा प्रयत्न करतील, तर तो दरोडा. प्रयत्न हा शब्द व्याख्येतच घातलेला आहे. म्हणजे पांच जण आले आणि हात हलवीत परत गेले, तरी कायद्याच्या दृष्टीनें दरोडा पुरा झाला. चौघेच असले तर त्याला जबरी चोरीचा प्रयत्न म्हणावें लागेल. पण हातीं प्राणघातक हत्यार असल्यास त्या नुसत्या प्रयत्नालाही सात वर्षांहून कमी शिक्षा देतां येत नाहीं. वस्तु गेली कीं राहिली, याला कायदा जें महत्त्व देतो त्याहून आपण समाचाराला जाणारेच अधिक देतों!

मग या प्रयत्नांत बळी कोण? दंडसंहितेनें हानीचा अर्थ सांगतांना शरीर, मन, लौकिक व मालमत्ता या चारींचा उल्लेख केलेला आहे. मनाला बेकायदेशीरपणें पोहोंचविलेली इजा ही हानीच होय. फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत २००९ सालापासून बळी पडलेल्या व्यक्तीची जी व्याख्या आली, तीही नुकसान अथवा अशी हानी सोसणारा माणूस अशीच आहे. ज्या घरांतलें लहान मूल त्या रात्रीनंतर कडी वाजली कीं दचकून उठतें, त्या घराला "कांहीं झालें नाहीं" असें म्हणणें कायद्यालाही मान्य नाहीं.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. हा कायदा लिहिणारांच्या डोळ्यांपुढें कसला काळ होता, हें खानदेशच्या माणसाला फार समजावून सांगावें लागूं नये. होळकरांच्या स्वारीनें आणि त्यापाठोपाठ आलेल्या १८०३-०४ च्या दुष्काळानें हा मुलूख उजाड झाला. डोंगरांतल्या भिल्लांचे राखणदारीचे जुने हक्क बुडाले आणि ज्यांनीं गांवें राखावयाचीं तेच गांवें लुटूं लागले. १८१८ सालीं इंग्रजी अंमल आला तरी बंदोबस्त होईना. शेवटीं १८२५ सालीं जेम्स औट्रम यानें धरणगांवास त्याच भिल्लांची पलटण उभारली. एक ठाणें कन्नडासही बसलें. चाळीसगांवाहून कन्नडला जातांना जो घाट चढावा लागतो त्याला अजून औट्रमचें नांव चिकटून आहे. लुटारू म्हणून ज्यांच्यावर फौजा धाडल्या, त्यांनींच हक्काची भाकरी मिळतांच रस्ते राखले, ही गोष्ट दरोडेखोर म्हणजे माणूसच नव्हे असें समजणारांनीं जरा आठवून पाहावी.

पुढें बारा वर्षांनीं, १८३७ सालीं, मेकॉले व त्याचे सहकारी यांनीं दंडसंहितेचा मसुदा केला. त्यांनीं स्पष्टच लिहून ठेवलें आहे कीं, या देशांतील लोक दरोडेखोरांच्या टोळ्यांपुढें निमूटपणें मान तुकवितात ही खेदाची गोष्ट आहे. म्हणून स्वसंरक्षणाच्या हक्काला बंधनें वाढविण्यापेक्षां लोकांत धैर्य जागृत करणें त्यांना इष्ट वाटलें. परकी राज्यकर्त्यांनीं आपल्या भित्रेपणाविषयीं दिलेला हा दाखला गोड वाटण्याजोगा नाहीं, विशेषतः लोकांचीं हत्यारें पुढें त्यांच्याच सरकारनें परवान्याच्या कैदेंत ठेवलीं हें ध्यानांत आणलें म्हणजे. असो. त्यांतून जो हक्क निघाला तो मात्र उदार आहे. जबरी चोरी, रात्रींची घरफोडी, राहत्या घरास आग लावणें, तसेंच मरणाची वा जबर दुखापतीची वाजवी भीति उत्पन्न करणारी चोरी, या प्रसंगीं हल्लेखोराचा प्राण गेला तरी तो अपराध होत नाहीं. हा हक्क आपल्यापुरताच नव्हे. शेजाऱ्यासाठींही तो वापरतां येतो.

येथवर वाचून पुष्कळ लोक पुस्तक मिटतात. पण त्याच प्रकरणांत आणखी एक कलम आहे: बचावाला जरूर तेवढीच इजा करावी, अधिक नको, आणि सरकारी मदत घेण्यास अवसर असेल तर हा हक्कच नाहीं. शिवाय हक्क केव्हां संपतो तेंही सांगितलें आहे. जबरी चोरींत, मरणाची, दुखापतीची अगर अडवणुकीची तात्काळ भीति जोंवर टिकते तोंवरच तो टिकतो. समजा, कन्नड रस्त्यावरील एखाद्या मळ्यांत रात्रीं कोयता उगारून कोणी अंगावर आला; त्याच क्षणीं कुऱ्हाडीचा घाव बसून तो मेला, तर धनी निर्दोष. तोच मनुष्य कोयता टाकून बांधापलीकडे पळत सुटला आणि धन्यानें पाठलाग करून त्याला गांठून मारलें, तर धन्याची बाजू कठीण झाली. दोन घटनांत अंतर दहा-वीस पावलांचें. पण भीति या बाजूस राहिली, त्या बाजूस राग उरला. हक्क भीतीच्या पोटीं जन्मतो, मालाच्या किंमतीपोटीं नव्हे, हेंच मला आज सांगावयाचें आहे.

१९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें जमिनीच्या ताब्यावरून झालेल्या मारामारीचा पंजाबांतला एक खटला आला. निर्णय लिहिला तो पुढें सरन्यायाधीश झालेल्या न्यायमूर्ति गजेंद्रगडकरांनीं. धोका मोडून पडला, समोरचे पळूं लागले कीं हक्काचा प्रसंगच उरत नाहीं, हें तत्त्व त्यांनीं त्यांत स्पष्ट मांडलें. इंग्लंडांतही असा एक खटला फार गाजला. १९९९ सालीं नॉरफोक परगण्यांत टोनी मार्टिन नांवाच्या शेतकऱ्यानें रात्रीं घरांत शिरलेल्या चोरांवर बंदूक झाडली. सोळा वर्षांचा एक मुलगा पाठीवर गोळी लागून मेला. पंचांनीं खुनाचा दोष ठेवला. २००१ सालीं अपील न्यायालयानें मानसिक विकाराच्या कारणानें तो सदोष मनुष्यवधावर आणला. त्या देशांत घरोघरीं दोन तट पडले होते. एकटा राहणारा, पूर्वीं चोऱ्या सोसलेला म्हातारा डोळ्यांपुढें आणला कीं माझेंही मन त्याच्याकडे ओढतें. पण मुलाच्या पाठीवरची जखम त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

भीति वाजवी असावी लागते, हें आपल्याच भागांत फार महाग पडून कळलें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठीं आलेले, मुलें पळविणारी टोळी समजून जमावानें ठार मारले. कोणाचें मूल धरलें नव्हतें, कोणावर हत्यार उगारलें नव्हतें. गांवकऱ्यांची भीति कदाचित् खरी असेल. पण तिला आधार काय होता? एक अफवा आणि परक्या माणसांचा वेष. काही जमातींना जन्मानेंच गुन्हेगार ठरविणारा १८७१ सालचा कायदा १९५२ सालीं रद्द झाला, तरी ती नजर रद्द झालेली नाहीं. तेथें दरोड्याचा प्रयत्न नव्हता, म्हणून बचावाचा हक्कही नव्हता; त्या दिवशीं बळी पडले ते आलेले पाहुणेच.

राहतां राहिली व्यवहाराची गोष्ट. स्वसंरक्षण केलें हें दाखविण्याचा भार आरोपीवर असतो, तरी तें सरकारपक्षाइतकें निःसंशय सिद्ध करावें लागत नाहीं. संभवनीय दिसलें तरी पुरतें. जिवावर बेतलेल्या माणसाचे घाव सोन्याच्या तराजूंत तोलूं नयेत, असें न्यायालयांनीं वारंवार म्हटलें आहे. हेतु शुद्ध असून मर्यादा ओलांडली गेली, तर खुनाऐवजीं कमी दर्जाचा अपराध ठरतो. म्हणून असा प्रसंग आलाच तर प्रेत हलवूं नये, हत्यार धुऊं नये, आणि पोलीस येण्याची वाट न पाहतां आपणच ठाण्यावर वर्दी द्यावी. दाराची मोडलेली कडी, अंगणांत पडलेला कोयता, भिंतीवरचे ओरखडे, हे पुरावे घरधन्याच्या बाजूनें बोलणारे असतात. घाबरून केलेल्या झाडलोटींत नेमके तेच नाहींसे होतात.