दुष्काळांतील मुली आणि पंडिता रमाबाई

दुष्काळांत धान्य महाग होतें हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. परंतु त्याच वेळीं एक जिन्नस स्वस्त होतो, व त्याचा भाव कोणत्याहि पेठेंत उघड बोलला जात नाहीं. तो जिन्नस म्हणजे पोरकी मुलगी. १८९६-९७ सालच्या दुष्काळांत मध्यप्रांतांत दुष्काळी कामांच्या आसपास दलाल स्त्रीपुरुष हिंडत होते व भुकेनें व्याकूळ झालेल्या मुलींस फुसलावून नेत होते. हें पाहणारे पुष्कळ होते. पाहून मुलींस आपल्या घरीं आणणारे थोडे. त्या थोड्यांत पंडिता रमाबाई होत्या.

रमाबाईंस भूक पुस्तकांतून कळलेली नव्हती. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविल्याबद्दल लोकांचा रोष पत्करला होता. १८७४ सालीं दक्षिणेंतील दुष्काळांत ते वारले, मग आई, मागोमाग थोरली बहीण. उच्च जातीच्या अभिमानापायीं आपल्या कुटुंबानें मोलमजुरी केली नाहीं व भीकहि मागितली नाहीं, असें बाईंनींच पुढें लिहून ठेविलें आहे. केडगांवास मुलींच्या हातीं माग, शेतीचीं अवजारें व छापखान्याचे खिळे देण्यांत आले, त्याचें मूळ आम्हांस या आठवणींत दिसतें.

१८८३ सालीं त्यांनीं इंग्लंडांत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ च्या मार्चांत मुंबईस विधवांसाठीं शारदासदन उघडलें व पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें धर्माच्या बाबतींत तटस्थता राहावयाची होती. परंतु बाईंच्या प्रार्थनेस मुली बसूं लागल्या, गवगवा झाला, आणि १८९३ सालीं रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. त्यांचा आक्षेप पोकळ होता असें आम्ही म्हणणार नाहीं. (सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही मात्र हिंदुच राहिली, व त्याच वर्षीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं विवाह करून आनंदीबाई झाली.)

अशा नांव बद्दू झालेल्या स्थितींत बाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या व सुमारें तीनशें मुली घेऊन आल्या. पुण्यांत तेव्हां प्लेग चालला होता. नव्या मुली शहरांत ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. मग सोलापूरच्या लोहमार्गावरील केडगांव येथें शाळेच्या उत्पन्नासाठीं घेतलेल्या जमिनीवर बिऱ्हाड पडलें. वर तंबू, भोंवतीं माळरान, आणि रोगानें व उपासानें खंगलेल्या या मुली. मुक्तिसदनाचा आरंभ हा असा.

येथें एक गोष्ट लोक सहसा विसरतात. सरकार ख्रिस्ती राजाचें, बाई ख्रिस्ती. तेव्हां त्यांनीं सरकारची पाठ राखावी, निदान गप्प बसावें, असें व्यवहार सांगतो. १८९७ सालीं पुण्याच्या प्लेग इस्पितळांत नेलेल्या आपल्या मुलींची आबाळ झाली व एकीची अब्रू धोक्यांत आली, असें त्यांस कळलें. त्यांनीं ‘बाँबे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रांतच आपल्या सहीनें तें प्रसिद्ध केलें. गोष्ट ब्रिटिश पार्लमेंटापर्यंत गेली. सरकारनें आरोप नाकारला. मदतीचा बराच पैसा ज्यांच्याकडून यावयाचा, त्या गोऱ्या धर्मबंधूंसमोर एका अनाथ मुलीची फिर्याद मांडणें हें दुष्काळाच्या मुलखांत हिंडण्याहून सोपें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. परमेश्वर अनाथांचा बाप आहे, हें वचन बाईंनीं अक्षरशः धरलें होतें. आणि बाप मुलीची तक्रार ऐकतांना समोरच्याचा धर्म विचारीत नसतो.

दुष्काळाच्या निमित्तानें मुली बाटविल्या, हा आक्षेप राहतोच. मुक्तिसदन उघडपणें ख्रिस्ती होतें, व तेथील पुष्कळ मुलींनीं तो धर्म घेतला. उपाशी पोरीची संमति ती कसली, हा प्रश्न न्याय्य आहे. पण तो विचारणारांपैकीं किती जणांनीं त्या वर्षीं मध्यप्रांताचें तिकीट काढलें, हाहि प्रश्न न्याय्यच आहे. लाला लजपतराय यांनीं मात्र १८९७ सालींच पंजाबांतील आर्यसमाजाकरवीं दुष्काळी अनाथांस आश्रय देण्याचें काम हातीं घेतलें. आक्षेपाचा तो खरा मार्ग. वर्तमानपत्रांतून ओरड करणें नव्हे, व हें आम्ही आमच्या धंद्यासहि धरून लिहितों.

१९०० सालापर्यंत केडगांवचा परिवार दीड हजारांवर गेला; त्यांत गुजराथच्या दुष्काळांतील मुलीहि होत्या. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन निराळें निघालें. आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयास बाईंची कन्या मनोरमाबाई शिकवीत. मनोरमाबाई १९२१ सालीं गेल्या. त्यानंतर वर्ष होण्यापूर्वींच, ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईहि केडगांवासच वारल्या. सदन अद्याप चालू आहे.